पहिल्यांदाच पुल्ड पोर्क करताय? मग आधी हे वाचा

पुल्ड पोर्क म्हणजे डुकराचा खांदा धुरावर तासन्‌तास शिजवून हातानं सोडवलेलं मांस. माझ्या पहिल्या पुल्ड पोर्कच्या वेळी सात वाजता जेवायला बोलावलेल्या माणसांना मी रात्री सव्वाअकराला वाढलं. तेही मांस धड सुटत नव्हतं म्हणून सुरीनं कापून. कृतीत 'आठ तास' लिहिलं होतं. आठाचे बारा झाले तरी तुकडा हटून बसलेला. दिवसभर मी घड्याळ बघत होते. बघायला हवा होता थर्मामीटर. नंतर बरेच खांदे धुरावर चढवले, एक खारट केला, एक कडू केला, आणि आता हात बसलाय. माझ्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितेय.

खांदाच का, आणि इतका वेळ का

डुकराचा खांदा हा दिवसभर राबणारा भाग. स्नायूंच्या जुड्या, मधूनमधून चरबीचे पट्टे आणि या सगळ्याला बांधून ठेवणारं कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन, अशी त्याची रचना. हा पदार्थ मूळचा अमेरिकेतला. तिथल्या कृषी खात्याच्या नियमानुसार डुकराच्या मांसाचा अखंड तुकडा आतून ६३ अंशांना पोचला आणि मग तीन मिनिटं तसाच ठेवला की खायला सुरक्षित. पण त्या तापमानाला उतरवलेला खांदा चावून बघा, दाढा दुखतील. साधारण ७० अंशांच्या पुढे कोलॅजेन विरघळायला लागतं आणि हळूहळू त्याचं जिलेटिन होतं. तुकडा नव्वदीत गेला की स्नायूंचे तंतू एकमेकांपासून मोकळे होतात आणि जिलेटिनमुळे मांस रसरशीत लागतं. हे काम घाईनं होत नाही. आच वाढवली तर बाहेरचा भाग वाळून लाकूड होतो आणि आतला कच्चाच राहतो.

या लेखात अंश म्हणजे सगळीकडे सेल्सिअस. बहुतेक कृती फॅरनहाइटमध्ये असतात, म्हणून तीन आकडे चिकटवून ठेवा: २२५ फॅरनहाइट म्हणजे १०७ अंश, २५० म्हणजे १२१ आणि २०३ म्हणजे ९५.

१. तुकडा निवडा

मागायचा तो बॉस्टन बट. नावात 'बट' असलं तरी हा मागचा भाग नव्हे, खांद्याचा वरचा भाग आहे. त्यात खांद्याचं चपटं हाड असतं. त्याच्याखालचा, पायाकडचा तुकडा म्हणजे पिकनिक शोल्डर. तोही चालतो, पण त्यावर बहुतेकदा कातडी असते आणि आत हाड-शिरा जास्त. पहिल्या वेळी बॉस्टन बटच घ्या, हाडासकट, तीन ते साडेचार किलोंचा. हाड काढलेला मिळाला तर त्याला सुती दोऱ्यानं आवळून बांधा, नाहीतर तो पसरतो आणि कडा वाळतात.

पाठीवरचा लॉइन घेऊ नका. दिसायला देखणा, चरबी जवळजवळ नाही, आणि म्हणूनच बारा तासांनी त्याचा भुसा होतो. 'कमी चरबीचा द्या' म्हणायची सवय असेल तर ती एवढ्यापुरती सोडा. मांसाच्या आत पांढऱ्या रेषांचं जाळं जितकं दाट तितकं बरं.

किती घ्यायचं? हाड, वितळलेली चरबी आणि उडालेलं पाणी वजा जाता कच्च्या वजनाच्या साधारण निम्मं हातात येतं. चार किलोंतून दोन किलो, म्हणजे बारा-तेरा माणसांचं पोटभर जेवण. गोठवलेला तुकडा असेल तर फ्रिजमध्येच वितळू द्या. चार किलोंना दोन दिवस धरा. ओट्यावर ठेवून वितळवायचा नाही. बाहेरचा भाग कोमट होऊन तासन्‌तास तसाच राहतो आणि आत अजून बर्फ असतो.

२. सामान जमवा

- दोन सळयांचा डिजिटल थर्मामीटर: एक सळई मांसात, दुसरी जाळीवर मांसाशेजारी
- झाकणाचा कोळशाचा ग्रिल किंवा स्मोकर, म्हणजे मंद धुरात मांस शिजवायची भट्टी
- कोळसा पेटवायची उभी चिमणी
- ब्रिकेट म्हणजे दाबून केलेला, एकसारख्या आकाराचा कोळसा, सुमारे पाच-सहा किलो
- धुरासाठी मुठीएवढे लाकडाचे पाच-सहा तुकडे
- पाणी ठेवायला ॲल्युमिनियमचा ट्रे
- जाड फॉइल किंवा बुचर पेपर, म्हणजे मांस गुंडाळायचा जाड कागद, मेण नसलेला
- उष्णतारोधक हातमोजे, जुने टॉवेल आणि बर्फाची पेटी, अर्थात बर्फाशिवाय

यात पैसे खर्च करायचेच असतील तर थर्मामीटरवर करा. ग्रिलच्या झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका. तो वर, जाळीपासून लांब बसवलेला असतो आणि दहा-वीस अंश सहज इकडचे तिकडे दाखवतो. नवा थर्मामीटरही तपासून घ्या. ठेचलेला बर्फ आणि पाणी यांत त्यानं शून्य दाखवायला हवं आणि समुद्रसपाटीला उकळत्या पाण्यात शंभर. उंचावर राहत असाल तर पाणी शंभराच्या आधीच उकळतं, हे लक्षात असू द्या.

महागडा स्मोकर लागतोच असं नाही. साध्या गोल केटल ग्रिलवर उत्तम होतं, आणि पुढची पद्धत मी त्याचीच सांगतेय. पेलेट (लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारा) किंवा विजेचा स्मोकर असेल तर पाचव्या पायरीतली कोळशाची माहिती वगळा. बाकी सगळं तेच.

३. आदल्या रात्रीची तयारी

तुकड्याच्या एका बाजूला चरबीचा जाड थर असतो. तो अर्धा सेंटिमीटर राहील एवढा तासून टाका. 'चरबी वितळून मांसात मुरते' हे तुम्हाला दहा जण सांगतील. मुरत नाही. ती खाली ठिबकते आणि जाताना वरचा मसाला घेऊन जाते. मांस रसाळ ठेवते ती आतली चरबी.

मग मीठ. किलोला दहा ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. सगळीकडून चोळा आणि उघडाच ट्रेमध्ये फ्रिजमध्ये ठेवा. मीठ रात्रभरात आत उतरतं. बाकीचे मसाले कितीही चोळले तरी वरच राहतात.

मसाल्याला बार्बेक्यूवाले रब म्हणतात. माझं प्रमाण: चार मोठे चमचे ब्राउन शुगर, चार पॅप्रिका, एकेक चमचा मिरीपूड, लसूण पावडर आणि कांदा पावडर, अर्धा-अर्धा चमचा मोहरी पूड आणि केयेन मिरची. यात मीठ नाही, कारण ते आधीच लावलंय. विकतच्या रबमध्ये मात्र भरपूर मीठ असतं. मी एकदा रात्री मीठ चोळलं, सकाळी वरून विकतचं रब थापलं आणि पंधरा तासांच्या मेहनतीचं खारं काहीतरी बनवलं. डब्यावरचे घटक वाचा. मीठ पहिल्या दोन-तीनांत असेल तर रात्रीचं मीठ वगळा.

रब सकाळी, चढवायच्या आधी लावा. चिकटावं म्हणून खाली पिवळ्या मस्टर्डचा पातळ हात फिरवा. चव राहत नाही, काळजी नको.

४. वेळ उलटा मोजा

१०७ अंशांवर किलोला साडेतीन-चार तास लागतात. १२१ वर तीनच्या आसपास, आणि मध्ये गुंडाळलं तर थोडे कमी. मी १२१ वर करते. चवीत फरक मला तरी कळलेला नाही आणि झोप जास्त मिळते.

चार किलोंचा तुकडा, जेवण संध्याकाळी सातला. पावणेसातला मांस सोडवायचं, त्याआधी दोन तास विश्रांती, म्हणजे पावणेपाचला ते आगीवरून उतरायला हवं. त्याआधी बारा तास म्हणजे पहाटे पावणेपाच. कोळसा पेटून तापमान बसायला एक तास. म्हणजे पावणेचारचा गजर. आणि एवढं करून मी तो तीनचाच लावते, कारण सारख्याच वजनाच्या दोन तुकड्यांत दोन-दोन तासांचा फरक मी पाहिलाय. लवकर झालं तर काही बिघडत नाही, बर्फाच्या पेटीत ते तीन-चार तास गरम राहतं. उशीर झाला तर तुमच्याकडे भुकेली माणसं आणि रबरासारखा खांदा असतो.

५. आग लावा

ग्रिलच्या कडेनं ब्रिकेट्सची गोल माळ मांडा: दोन शेजारी, त्यावर दोन, अशी वर्तुळाचा पाऊण भाग होईल इतकी. बार्बेक्यूच्या भाषेत हा साप. सुरुवातीच्या निम्म्या भागावर लाकडाचे तुकडे थोड्या थोड्या अंतरानं ठेवा. मधल्या रिकाम्या जागेत ट्रे, त्यात गरम पाणी. आता चिमणीत दहा-बारा ब्रिकेट पेटवा, वर राखेचा पांढरा पापुद्रा धरला की चिमट्यानं सापाच्या एका टोकावर ठेवा. आग एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जाते आणि सहा-सात तास, कधी जास्तही, तिच्याकडे फारसं बघावं लागत नाही. पुढे संपत आली की शेपटीला ब्रिकेट जोडत राहायचं.

पेटवायला रॉकेलसारखा द्रव वापरू नका. त्याचा वास मांसाला लागतो आणि जात नाही.

वरचं धुराडं पूर्ण उघडं ठेवा, आणि झाकण असं फिरवा की ते मांसाच्या डोक्यावर येईल. तापमान सांभाळायचं ते खालच्या झडपेनं. जास्त हवा म्हणजे जास्त धग. झडप बोटभर हलवली की पंधरा मिनिटं थांबा, मग आकडा बघा. नवशिक्यांचा निम्मा त्रास इथेच होतो: वाढलं म्हणून बंद कर, घसरलं म्हणून सताड उघड, आणि दिवसभर आकडा झोके घेतो. ११० ते १३० च्या दरम्यान कुठेही असलात तरी गप्प बसा. एकदा खूप तापलेला ग्रिल खाली आणायला फार वेळ लागतो, म्हणून शंभरीला पोचतानाच झडप अर्धी करा.

लाकूड हिकरी, ओक, पिकान, सफरचंद किंवा चेरीचं. मेस्कीट फार उग्र. बारा तासांच्या कामाला नको. पाइनसारखं राळ असलेलं, रंगवलेलं, प्लायवूड किंवा रसायन लावलेलं लाकूड कधीच नाही. लाकूड पाण्यात भिजवायचं का? नाही. पाणी आत जेमतेम शिरतं, आणि ते उडून जाईपर्यंत तुम्हाला वाफ मिळते, धूर नाही.

आता धुराकडे बघा. सुरुवातीला तो पांढराशुभ्र, दाट, डोळे झोंबवणारा येतो. अशा धुरात मांस ठेवलं की त्यावर काजळीचा कडू थर बसतो आणि जिभेला बधिर लागतं. माझा कडू खांदा असाच झाला. भरपूर धूर म्हणजे भरपूर चव, असं वाटायचं. अर्ध्या-पाऊण तासानं धूर विरळ, निळसर, मागचं झाड आरपार दिसेल इतका पातळ होतो. मांस तेव्हा ठेवायचं.

आणि हे सगळं उघड्यावर. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून किंवा बंदिस्त बाल्कनीत नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यानं जीव जातो.

६. मांस चढवा आणि झाकण विसरा

फ्रिजमधून थेट जाळीवर, पाण्याच्या ट्रेच्या वर, आगीपासून लांब. आच खालून येत असेल तर चरबीची बाजू खाली. सळई सगळ्यात जाड भागाच्या मध्यात खुपसा, हाडाला टेकू देऊ नका, नाहीतर आकडा चुकीचा येतो.

पहिले तीन तास झाकण उघडायचं नाही. प्रत्येक वेळी धग निसटते आणि परत यायला वेळ लागतो. नंतर कुठे कोरडं दिसलं तर सफरचंदाचा रस आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन तासातून एकदा फवारा. नाही फवारलं तरी चालतं, मी हल्ली फवारत नाही. धुराची चव मुख्यतः या पहिल्या चार-पाच तासांतच लागते.

पुढे कापल्यावर कडेला गुलाबी पट्टा दिसेल, त्याला कच्चं समजू नका. धुरातले वायू स्नायूतल्या मायोग्लोबिनशी जोडले गेले की तो रंग पक्का होतो. त्याचा चवीशी संबंध नाही.

७. आकडा अडून बसतो तेव्हा

सगळं सुरळीत चाललंय, आकडा ५०, ६०, ६५ असा चढतोय, आणि मग थांबतो. माझ्या पहिल्या वेळी दुपारी पावणेएकला ६८ होता. अडीचला ६८. तीनला ६७! थर्मामीटर बिघडला म्हणून मी तो काढून उकळत्या पाण्यात बुडवला. त्यानं इमानदारीत शंभर दाखवले. मग कोळसा वाढवला, झाकण चार वेळा उघडलं, खालची बाजू करपवली.

बिघडलेलं काहीच नव्हतं. याला स्टॉल म्हणतात आणि तो प्रत्येक मोठ्या तुकड्याला साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान गाठतो. घाम सुकताना अंग गार पडतं तसंच हे. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडतं आणि ग्रिलनं दिलेली सगळी उष्णता त्यातच खर्च होते. पृष्ठभाग पुरेसा कोरडा झाला की आकडा आपोआप पुन्हा चढतो. त्याला दोन तास लागतील किंवा पाच.

थांबायचं नसेल तर गुंडाळा. पण आकडा बघून नाही, साल बघून. धूर, मसाला आणि सुकलेला रस मिळून मांसावर महोगनीच्या रंगाची, जवळपास काळी साल धरते. ती म्हणजे बार्क, आणि खाणाऱ्यांची भांडणं होतात ती तिच्यावरून. नखानं हलकेच खरवडा. मसाला ओला होऊन निघाला तर थांबा. नख नुसतं घसरलं तर वेळ झाली. बहुतेकदा आत तेव्हा सत्तरीचा आकडा असतो.

फॉइलचे दोन थर घट्ट गुंडाळले की पाणी उडायला वाव राहत नाही आणि आकडा पळतो, पण साल मऊ पडते. बुचर पेपरमधून थोडी वाफ जाते, त्यामुळे वेळ जरा जास्त लागतो आणि साल टिकते. मेणाचा कागद मात्र नको, मेण वितळतं.

एक गोष्ट शुद्धतावाद्यांना आवडणार नाही, तरी सांगते. गुंडाळल्यावर आत धूर जात नाही. मग उष्णता कोळशाची की ओव्हनची, मांसाला काय फरक पडतो? पाऊस आला, कोळसा संपला, तुम्ही दमलात, तर तो गठ्ठा ट्रेमध्ये ठेवून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये सरकवा.

८. झालं हे कसं ओळखायचं

९० अंशांनंतर तपासायला लागा. बहुतेक खांदे ९३ ते ९६ च्या दरम्यान होतात, पण एखादा ९१ ला तयार असतो आणि एखादा ९८ पर्यंत ताणतो. सळई काढून तीन-चार ठिकाणी खुपसा. लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. एका जागी जरी अडली तर अर्धा तास आणखी. हाड धरून हलवा. हिरडीतल्या पडायला आलेल्या दातासारखं डुगडुगलं की झालं.

९. विश्रांती, आणि ती टाळायची नाही

गठ्ठा उघडून दहा मिनिटं वाफ जाऊ द्या, म्हणजे आतल्या आत शिजणं थांबतं. पुन्हा गुंडाळा, टॉवेलात लपेटा, रिकाम्या बर्फाच्या पेटीत ठेवून झाकण लावा. कमीत कमी एक तास, दोन असतील तर उत्तम. लगेच सोडवलं तर सगळा रस ट्रेमध्ये आणि मांस कोरडं. पेटीत ठेवलेलं असताना सळई आतच राहू द्या. आकडा ६० च्या खाली जायच्या आत वाढायला घ्या, त्याखाली जिवाणूंना फावतं.

१०. सोडवा

खोल ट्रेमध्ये गठ्ठा उघडा आणि साठलेला रस आधी वेगळा ओतून घ्या. तो फेकायचा नाही. वर तरंगणारी चरबी चमच्यानं काढा. मग हाड धरा आणि ओढा. नीट झालेल्या खांद्याचं हाड स्वच्छ, पांढरं, एकही धागा न चिकटता बाहेर येतं, आणि पहाटे तीनचा गजर त्या क्षणी माफ होतो.

मोजे घालून हातानं किंवा दोन काट्यांनी बोटाएवढ्या जाड रेषा सोडवा. फार बारीक केलं की लगदा होतो आणि लवकर गार पडतो. चरबीचे न वितळलेले गोळे बाजूला काढा, सालीचे तुकडे सगळीकडे मिसळा, वरून राखलेला रस थोडा थोडा घाला.

सॉसबद्दल कॅरोलायनात वाद आहेत. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेला नुसतं व्हिनेगर, लाल मिरची, मीठ. तिथल्याच लेक्सिंग्टनकडे त्यात थोडा टोमॅटो केचप. साउथ कॅरोलायनाच्या मध्यभागी मस्टर्डचा पिवळा सॉस. चरबीदार मांसाला आंबट काहीतरी लागतं हे तिघांनाही मान्य. मी पूर्वेच्या बाजूनं: एक कप सफरचंदाचं व्हिनेगर, मोठा चमचा ब्राउन शुगर, छोटा चमचा लाल मिरचीचे कण, छोटा चमचा मीठ, थोडी मिरीपूड. आदल्या दिवशी बाटलीत हलवून ठेवा. मांसावर शिंपडण्यापुरताच घाला, बाकी टेबलावर.

११. उरलेलं आणि राख

दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकतं. गोठवायचं असेल तर थोडा रस घालून, पिशवीतली हवा काढून. दोन-तीन महिने चव छान राहते. गरम करताना रस किंवा पाण्याचा शिपका, वर झाकण, मंद आच, आणि आतून ७४ अंशांपर्यंत.

ग्रिलच्या दोन्ही झडपा बंद करा, कोळसा गुदमरून विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी चालतो. राख मात्र दुसऱ्या दिवशीही वरून गार आणि आतून जिवंत असते. ती पत्र्याच्या झाकणाच्या डब्यातच काढा, प्लॅस्टिकच्या कचरापेटीत नाही.